वादळांच्या राज्यातला सरकारी विमा

अमेरिकेत कर्ज काढून घर घेणाऱ्याला घराचा विमा उतरवावाच लागतो. ही अट बँकेची असते आणि कर्ज फिटेपर्यंत ती सुटत नाही. विमा संपला आणि नवा मिळाला नाही, तर बँक स्वतःच एखादी महागडी पॉलिसी घेते आणि तिचा खर्च घरमालकाच्या कर्जात घालते. म्हणून ज्या गावाकडे विमा कंपन्या पाठ फिरवतात, त्या गावात घर विकणेही कठीण होऊन बसते. घेणाऱ्याला विमा नाही म्हणून कर्ज नाही, कर्ज नाही म्हणून गिऱ्हाईक नाही. घरांचे भाव उतरले की त्या भावांवर आकारला जाणारा मालमत्ता कर घटतो, आणि त्याच करावर तिथल्या शाळा आणि अग्निशमन दले चालतात.

हे संकट फ्लोरिडाने एका पिढीत पुन्हा पुन्हा अनुभवले आहे. त्यावर या राज्याने शोधलेला उपायही विलक्षण आहे. आधी राज्याने स्वतःची विमा कंपनी काढली, आणि मग तिच्यातून घरमालकांना बाहेर काढून खासगी कंपन्यांकडे पाठवण्यासाठी कायद्यामागून कायदे केले.

भिशी चालते ती दर महिन्याला एकाचाच नंबर लागतो म्हणून. सगळ्या सभासदांना एकाच दिवशी पैसे हवे झाले, तर ती त्याच दिवशी बुडेल. विम्याचेही तसेच आहे. आग किंवा चोरी अशी विखरून येते. शंभर घरांचे हप्ते मिळून एका घराचे नुकसान भरून निघते. चक्रीवादळ मात्र एका रात्रीत लाखभर घरांचा नंबर लावते. अशा रात्रीसाठी विमा कंपन्या आपलाही विमा उतरवतात. त्याला पुनर्विमा म्हणतात, आणि तो बर्म्युडा, लंडन किंवा झ्युरिकच्या बाजारातून घ्यावा लागतो. त्या बाजारातला भाव वाढला की मायामीतल्या निवृत्त शिक्षिकेचा हप्ता वाढतो, तिच्या घराचे एक कौलही हललेले नसले तरी.

फ्लोरिडा हे तिन्ही बाजूंनी समुद्राने वेढलेले द्वीपकल्प आहे. १९५० साली तिथे २८ लाखांहून कमी माणसे राहत होती, आज २ कोटी ३० लाखांच्या आसपास राहतात. वादळांचा रस्ता बदलला नाही, त्या रस्त्यावर घरे उभी राहिली.

२४ ऑगस्ट १९९२ च्या पहाटे ‘अँड्र्यू’ हे चक्रीवादळ मायामीच्या दक्षिणेला होमस्टेड गावाजवळ धडकले. सुमारे ६३ हजार घरे उद्ध्वस्त झाली आणि एक लाखाहून जास्त घरांची पडझड झाली. अकरा विमा कंपन्या बुडाल्या. ज्या तगल्या, त्यांनी हिशेब मांडला तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की फ्लोरिडात अनेक वर्षे कमावलेले एका पहाटेत गेले आहे. त्यांनी पॉलिसी नूतनीकरणाला नकार द्यायला सुरुवात केली. लाखो घरमालक उघड्यावर पडू नयेत म्हणून विधिमंडळाने एक संयुक्त विमा संघ उभारला. ज्याला कोणीच विमा देत नाही, त्याला तो देणार होता. पुढच्या वर्षी, १९९३ मध्ये, राज्याचा स्वतःचा पुनर्विमा निधीही आला. किनारपट्टीवर फक्त वाऱ्याच्या नुकसानीचा विमा देणारा दुसरा एक संघ १९७० पासूनच होता. २००२ मध्ये हे दोन्ही संघ एकत्र करून सरकारने जी संस्था केली, तिचे नाव सिटिझन्स प्रॉपर्टी इन्शुरन्स कॉर्पोरेशन.

या सरकारी विम्याचा जन्म तात्पुरत्या सोयीसाठी झाला आणि त्याच्याकडे गर्दी मात्र कायमची जमली. १९९६ पर्यंतच अँड्र्यूनंतरच्या त्या संयुक्त संघाकडे नऊ लाखांवर पॉलिसी साचल्या होत्या. सरकारला घाम फुटला. एवढ्या घरांवर दुसरा अँड्र्यू आला तर भरपाई कुठून द्यायची? त्यातून पॉलिसी बाहेर काढण्याची कल्पना निघाली. खासगी कंपनीने सरकारी संघाकडची एक पॉलिसी उचलली की तिला शंभर डॉलरपर्यंत बक्षीस मिळायचे. पॉलिसीही मिळते, वर पैसेही मिळतात, म्हटल्यावर नव्या कंपन्या उगवल्या. त्यांच्यापैकी बऱ्याच फ्लोरिडापुरत्याच होत्या, भांडवलाने लहान आणि पुनर्विम्याच्या टेकूवर उभ्या.

टॅम्पाचे माजी महापौर विल्यम पो यांचा विमा समूह त्यांतलाच. सरकारी संघातून उचललेल्या पॉलिसींवर तो वाढला. मग २००४ साली सुमारे सहा आठवड्यांत चार्ली, फ्रान्सिस, आयव्हन आणि जीन अशी चार वादळे आली, आणि पुढच्या वर्षी विल्मा. २००६ मध्ये पो समूहाच्या कंपन्या दिवाळखोरीत निघाल्या आणि त्यांच्या तीन लाखांहून जास्त पॉलिसी पुन्हा सरकारी सिटिझन्सच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. बक्षीस देऊन बाहेर घातलेली जोखीम अशी घरी परतली. या सगळ्या धोरणातला कच्चा दुवा मला इथे दिसतो. पॉलिसी कोणाच्या वहीत आहे हे बदलता येते. पण वादळाचे नुकसान भरून देण्याइतका पैसा त्या वहीमागे नसेल, तर वह्या बदलून काही साधत नाही.

सिटिझन्सचा पैसा संपला की काय होते, तेही त्याच सुमारास दिसले. २००५ च्या अखेरीस संस्थेला मोठी तूट आली. विधिमंडळाने २००६ मध्ये सरकारी तिजोरीतून ७१ कोटी ५० लाख डॉलर दिले, आणि उरलेली तूट अधिभारातून वसूल केली. हा अधिभार फक्त सिटिझन्सच्या ग्राहकांवर नसतो, ही यातली फार महत्त्वाची गोष्ट आहे. राज्यातल्या मालमत्तेच्या बहुतेक विमा पॉलिसींवर तो लागतो, त्यात मोटारीचा विमाही आला. २००५ च्या तुटीसाठी लावलेला अधिभार लोक २०१५ पर्यंत भरत होते. म्हणजे ऑर्लँडोत भाड्याच्या खोलीत राहून जुनी गाडी चालवणारा हॉटेल कामगार वर्षानुवर्षे किनाऱ्यावरच्या घरांच्या छपरांसाठी पैसे भरत होता. लोक त्याला वादळ कर म्हणतात, आणि ते नाव बरोबरच आहे. ज्याचे घरच नाही त्याच्याकडून घरवाल्यांच्या विम्याची तूट वसूल करणे अन्यायाचे आहे. सरकारी संस्था लहान ठेवावी, या मागणीत म्हणूनच खरा दम आहे. त्या मागणीला केवळ खासगी कंपन्यांची तळी उचलणे म्हणून उडवून लावता येत नाही.

पण राजकारणाचे वारे उलट्या दिशेनेही वाहतात. जानेवारी २००७ मध्ये, गव्हर्नर चार्ली क्रिस्ट यांच्या काळात, विधिमंडळाने खास अधिवेशनात सिटिझन्सची दरवाढ मागे घेतली, दर गोठवले आणि तिला खासगी कंपन्यांशी स्पर्धा करायची मुभा दिली. हप्त्यांनी हैराण झालेल्या घरमालकांना ते हवेच होते. पुढे २०१० पासून दर वाढवायला परवानगी मिळाली, पण वर्षाला दहा टक्क्यांचा बांध घालून. जोखीम वाढत राहिली आणि हप्ता मुंगीच्या पावलाने चालला. सरकारी विमा खासगी विम्यापेक्षा स्वस्त झाला, तेव्हा शेवटचा पर्याय म्हणून काढलेली संस्था लोकांचा पहिला पर्याय झाली. २०१२ च्या सुमारास सिटिझन्सकडे १५ लाख पॉलिसी होत्या.

त्यानंतरची काही वर्षे नशिबाची होती. २००५ च्या विल्मानंतर थेट २०१६ पर्यंत एकही चक्रीवादळ फ्लोरिडाच्या किनाऱ्याला लागले नाही. पुनर्विमा स्वस्त झाला, नव्या कंपन्या आल्या. २०१३ च्या कायद्याने एक व्यवस्था केली. सिटिझन्सकडे येणारा अर्ज आधी खासगी कंपन्यांना दाखवायचा, कोणी घेतला नाही तरच संस्थेने ठेवायचा. २०१९ पर्यंत सिटिझन्सकडे सव्वाचार लाखांच्या आसपास पॉलिसी उरल्या. धोरण यशस्वी झाले, असे तेव्हा सगळ्यांना वाटले.

२०१७ मध्ये इर्मा आणि २०१८ मध्ये मायकल येऊन गेले, आणि वाऱ्याइतकाच दुसरा एक उद्योग जोरात आला. छपराचा ठेकेदार दारात येऊन सांगे, तुमच्या छपराला गारांचा मार लागलाय, या कागदावर सही करा, बाकी आम्ही बघतो. त्या सहीने विम्याचा दावा ठेकेदाराच्या नावे होई आणि तो कंपनीला कोर्टात खेची. एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेल्या एका कायद्यानुसार ग्राहकाची बाजू जिंकली की तिच्या वकिलाची फी कंपनीने द्यायची, कंपनी जिंकली तर मात्र ग्राहकाने काही द्यायचे नाही. हेतू चांगला होता, बलाढ्य कंपनीपुढे सामान्य माणसाला वकील मिळावा. पण राज्याच्या विमा नियामकाने २०१९ चे आकडे मांडले तेव्हा चित्र भयंकर होते. देशातल्या घरविम्याच्या दाव्यांपैकी जेमतेम ८ टक्के फ्लोरिडातले होते, आणि विमा कंपन्यांविरुद्धच्या खटल्यांपैकी तब्बल ७६ टक्के फ्लोरिडातले.

लहान कंपन्या पुन्हा कोसळू लागल्या. एकट्या २०२२ मध्ये सहा कंपन्या दिवाळखोरीत गेल्या किंवा सरकारच्या ताब्यात आल्या. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला ‘इयन’ फोर्ट मायर्सच्या परिसरावर आदळले. सिटिझन्सकडे पुन्हा रीघ लागली. २०२३ च्या शरद ऋतूत तिच्या पॉलिसींनी १४ लाखांचा आकडा ओलांडला.

आजची सगळी व्यवस्था ज्या कायद्यावर चालते तो या गर्दीतच झाला. डिसेंबर २०२२ च्या खास अधिवेशनात राजधानी टॅलाहासीतल्या विधिमंडळाने ‘सिनेट बिल २-ए’ मंजूर केले. त्याने वकिलांच्या फीचा तो जुना नियम घरविम्यापुरता रद्द केला, ठेकेदाराच्या नावे दावा करून देण्यावर बंदी आणली, आणि दावा दाखल करायची मुदत दोन वर्षांवरून एक वर्षावर आणली. सिटिझन्सच्या ग्राहकाने पुराचा वेगळा विमाही घ्यायला हवा, अशी अट टप्प्याटप्प्याने लागू केली. आणि सिटिझन्समधून बाहेर पडण्याचे नियम मुळापासून बदलले.

आधी नियम सौम्य होता. जुन्या ग्राहकाला खासगी कंपनीने सिटिझन्सइतक्याच किंवा कमी हप्त्यात विमा देऊ केला, तरच त्याला सरकारी छत्र सोडावे लागे. नव्या कायद्याने रेषा वीस टक्क्यांवर नेली. समजा, सिटिझन्सचा नूतनीकरणाचा हप्ता वर्षाला ४,००० डॉलर येणार आहे. खासगी कंपनीने तेवढ्याच संरक्षणासाठी ४,८०० मागितले, तर घरमालकाला सिटिझन्समध्ये राहायचा हक्क उरत नाही. तिने ४,८०१ मागितले तर राहता येते. एका डॉलरवर माणसाचा विमा सरकारी की खासगी हे ठरते.

प्रत्यक्षात हे घडते असे. एखादी खासगी कंपनी नियामकाकडे परवानगी मागते की सिटिझन्सच्या इतक्या हजार पॉलिसी आम्ही घेऊ इच्छितो. परवानगी मिळाली की त्या घरमालकांना पत्रे जातात, आणि त्यात दोन्हीकडच्या अंदाजे हप्त्यांची तुलना असते. प्रस्ताव वीस टक्क्यांच्या वर असेल तर घरमालक ‘मला सिटिझन्समध्येच राहायचे आहे’ असे कळवू शकतो. मात्र ठरलेल्या तारखेपर्यंत त्याने काहीच कळवले नाही, तर त्याची पॉलिसी नव्या कंपनीकडे जाते. चालू मुदत संपेपर्यंत जुन्याच अटी, जुनाच हप्ता. नूतनीकरणाच्या वेळी नव्या कंपनीचे दर आणि नव्या कंपनीची कलमे.

मौनाला होकार समजण्याची ही पद्धत मला साफ चुकीची वाटते. फ्लोरिडातल्या सिटिझन्सच्या ग्राहकांत एकटे राहणारे वृद्ध पुष्कळ आहेत, इंग्रजी जेमतेम वाचणारे स्थलांतरितही आहेत. विम्याचे पत्र जाहिरातीच्या टपालात हरवते. घर ही ज्यांची आयुष्यभराची कमाई आहे, त्यांच्या न दिलेल्या उत्तरावरून त्यांची विमा कंपनी बदलणे कायद्याला शोभत नाही.

दुसरी उणीव वर्षभराने दिसते. वीस टक्क्यांची तुलना त्या दिवसाच्या प्रस्तावाशी होते. सिटिझन्सची वार्षिक वाढ मुख्य राहत्या घरासाठी २०२४ मध्ये १३, २०२५ मध्ये १४ आणि २०२६ पासून १५ टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. खासगी कंपनीला असा बांध नाही. नियामकाने मंजूर केलेली कोणतीही वाढ ती दुसऱ्या वर्षी लावू शकते. घरमालकाने बांधाच्या आतले पाणी सोडले आणि बांधाबाहेर गेला, हे त्याला पत्रातल्या दोन आकड्यांतून कळत नाही.

पॉलिसी उचलणाऱ्या कंपन्या काय निवडतात, हेही पाहायला हवे. २००२ मध्ये राज्यभर कडक बांधकाम संहिता लागू झाली. त्यानंतरची, किनाऱ्यापासून आत असलेली, नव्या छपराची घरे त्यांना हवी असतात. आणि पुष्कळदा त्या पॉलिसी उचलतात ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, वादळांचा हंगाम सरत आला असताना. धंद्याच्या दृष्टीने ते शहाणपणाचेच आहे. पण सिटिझन्सच्या वहीत मग मागे राहतात ती जुनी, समुद्राला लागून असलेली, धोक्याची घरे. संस्था लहान होते, तिच्यातली जोखीम मात्र दाट होते.

२०२४ च्या कायद्याने आणखी एक दार उघडले. जे घर मुख्य निवास नाही, हिवाळ्यात चार महिने वापरायचे किंवा भाड्याने द्यायचे, त्याची पॉलिसी आता राज्याच्या नेहमीच्या दरनियंत्रणाबाहेरच्या कंपन्याही उचलू शकतात. एरवी फ्लोरिडात परवानाधारक विमा कंपनी बुडाली तर हमी संघ घराच्या दाव्यापोटी पाच लाख डॉलरपर्यंत रक्कम देतो. या कंपन्यांना त्या हमीचे छत्र नाही. दुसरे घर बाळगणाऱ्याला सरकारी स्वस्ताई नको, हे मला पटते. पण कंपनी बुडाली तर मागे कोणी नाही, हे त्याला ठळक अक्षरांत सांगितले पाहिजे.

आकडे मात्र विधिमंडळाच्या बाजूने आहेत. २०२४ च्या अखेरीस सिटिझन्सच्या पॉलिसी दहा लाखांच्या खाली आल्या, २०२५ मध्ये आठ लाखांच्याही खाली. खटले घटले, नव्या कंपन्या आल्या, काहींनी दर थोडे उतरवले. हेलेन आणि मिल्टन ही २०२४ ची दोन मोठी वादळे बाजाराने पचवली. हे खरे यश आहे आणि ते मान्य केले पाहिजे. त्याचबरोबर, वकिलाच्या फीचा नियम गेल्याने छोट्या रकमेच्या दाव्यासाठी आता वकील मिळणे अवघड झाले आहे, हेही तितकेच खरे. आणि २०२५ च्या सुरुवातीला राज्याच्या नियामकानेच करवून घेतलेला एक जुना अभ्यास बाहेर आला. काही विमा कंपन्या तोटा दाखवत असतानाच त्यांच्या पालक आणि भगिनी कंपन्यांकडे सेवाशुल्काच्या रूपाने मोठ्या रकमा जात होत्या, असे त्यात होते. विधिमंडळात त्यावर सुनावण्या झाल्या. दरवाढीचे सगळे खापर वादळांवर आणि वकिलांवर फोडणाऱ्यांना त्या अभ्यासाचे उत्तर द्यावे लागेल.

लुइझियानाने याच दुखण्यावर दुसरे औषध घेतले. तिथल्या सरकारी विम्याचा हप्ता बाजारापेक्षा किमान दहा टक्के जास्त ठेवायचा, असा नियम कायद्यानेच केला, आणि २०२३ मध्ये राज्यात यायला तयार असलेल्या खासगी कंपन्यांना साडेचार कोटी डॉलरचे अनुदान देण्यात आले. कॅलिफोर्नियात संकट वणव्यांचे आहे. जानेवारी २०२५ च्या लॉस एंजेलिसच्या आगीनंतर तिथल्या शेवटच्या पर्यायाच्या योजनेला सदस्य कंपन्यांकडून एक अब्ज डॉलर गोळा करावे लागले.

फ्लोरिडाच्या या सगळ्या खटाटोपात मला सर्वांत मोलाची वाटते ती योजना फारशी गाजत नाही. घराची फुकट तपासणी करायची, आणि छप्पर, खिडक्या, दारे वाऱ्याला तोंड देतील अशी करायला मालकाच्या एका डॉलरमागे सरकारने दोन घालायचे, कमाल दहा हजार डॉलरपर्यंत. २००६ ची ही योजना मध्ये बंद पडली होती, २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली. पॉलिसी सरकारीतून खासगीत गेली म्हणून वादळाचे नुकसान एका डॉलरनेही घटत नाही, छपराला लोखंडी पट्ट्या मारल्याने घटते. विधिमंडळाने पॉलिसी हलवण्यावर जेवढा वेळ घालवला, त्याच्या निम्मा जरी छपरांवर घालवला असता, तरी आज बरीच जास्त घरे खासगी कंपन्यांनी आपण होऊन घेतली असती.

टॅम्पा, ऑर्लँडो, जॅक्सनव्हिल या शहरांत मराठी कुटुंबे आहेत, आणि या पुस्तकाच्या काही वाचकांची मुले किंवा भावंडे त्यांच्यात असतील. त्यांच्यासाठी थोडे कामाचे. सिटिझन्सचे पत्र आले तर फक्त हप्ता पाहू नका. नव्या कंपनीची आर्थिक पत कोणत्या दर्जाची आहे, ती हमी संघाच्या छत्राखाली येते का, वादळाच्या नुकसानीतला पहिला वाटा तुम्ही किती उचलायचा आहे, हे बघा. तो वाटा घराच्या विमा रकमेच्या दोन टक्के असू शकतो, तसाच दहा टक्केही असू शकतो, आणि चार लाखांच्या घरावर हा फरक बत्तीस हजार डॉलरचा होतो. छपराची भरपाई नव्या छपराच्या किमतीने मिळणार की झीज वजा करून, तेही विचारा. एजंटकडून ही उत्तरे लेखी घ्या. आणि निर्णय काहीही असो, पत्रावरच्या तारखेच्या आत कळवा.